गेटवर झटकलेले बूट

आमचं गाव वणी, कोळशाच्या खाणींचं. गल्लीतल्या प्रत्येक शेगडीत कोळसा जळायचा, आणि दिवसभर टिपरनं कोळसा वाहणाऱ्या माझ्या बाबांच्या घरी चुलीत कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या. आई फुंकून फुंकून डोळे चोळायची. कारण ड्युटी संपली की बाबा खाणीच्या गेटवर थांबत, बूट काढून उलटे आपटत, खिसे बाहेर ओढून झटकत आणि मगच सायकलला टांग मारत.

"आपला नाही तो माल," एवढंच म्हणत.

चौकीदार एकदा म्हणाला, "गणपतभाऊ, नाकात बी असंन ना थोडा!" बाबांनी खरंच तिथं नाक शिंकरलं. एकदा डब्याच्या पिशवीतून सुपारीएवढा खडा घरी आला, तर ताटावरून उठून परत खाणीवर गेले. चौकीदारानं तो ढिगावर भिरकावला. नीट ढिगावरच पडला का, हेही बाबांनी पाहिलं म्हणे.

शेजारचे देवरावकाकाही ड्रायव्हरच. पण त्यांच्या टिपरमधून वळणावर रोज दोन टोपली कोळसा 'सांडायचा' आणि परस्पर विकला जायचा. त्यांच्या घरावर स्लॅब पडला, मग माडी चढली, मग दारात स्वतःचे दोन ट्रक उभे राहिले. आई भाकर थापता थापता ऐकवायची, "देवरावभाऊजीनं माडी बांधली, अन् तुम्ही बूटच झटकून राह्यले!"

बाबांचं उत्तर ठरलेलं. "ओव्हरटेक करणाऱ्याकडं पाह्यलं का आपली गाडी नालीत जाते. जाऊ दे त्याले. काटा त्याचाबी होईन, आपलाबी होईन. तिथं वरचा बसला हाये." काटा म्हणजे भरल्या गाडीचं वजन करायची जागा. बाबांच्या देवाची ड्युटी तिथंच लागलेली होती.

मी बारावी झाले. नागपूरला शिकायचं फार मनात होतं. देवरावकाका स्वतः घरी आले.

"गणपत, तुह्याबी गाडीतून सांडू दे दोन टोपले. पोरीच्या होस्टेलचं माह्याकडं लागलं."

आईनं चुलीवर चहा ठेवला. खरं सांगते, मी मनात म्हणत होते, हो म्हणा बाबा.

"चहा घे देवराव," बाबा म्हणाले. "पोरगी इथंच शिकंन."

मी आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाही. नवव्या दिवशी ते मला सायकलवर डबलसीट घेऊन वणीच्याच कॉलेजात गेले आणि फॉर्मच्या रांगेत उभे राहिले. पुढली वर्षं धुरात बसून अभ्यास केला.

शेवटच्या निकालाच्या दिवशी मी थेट खाणीच्या गेटवर गेले. बाबा बूट आपटत होते.

"बाबा, पास झाली मी! आता तरी पुरे करा हे."

ते तिथंच दगडावर बसले. एक बूट हातात.

"तुह्या मायचे डोळे मले दिसत नव्हते का वं? रोज वाटे, एक ढेकूळ न्यावं, कोण पाह्यते. देवरावचं नाही, मले माह्यावालंच भेव होतं. म्हून चौघांत खिसे उलटे करत होतो, अन् म्हणत होतो, देवा, आजचा दिवस निभावला."

मग त्यांनी दुसरा बूटही काढून उलटा आपटला.

आमच्या चुलीत कोळशाचा एकही खडा न जळता मी बी. एस्सी. झाले. आमच्या घराण्यात पहिली.