लांजेवारकाकांचा चमचा

लांजेवारकाका कुणाच्याही घरी गेले की आधी बाथरूममध्ये शिरतात. हातपाय धुवायला नाही, फरशी ठोकायला. खिशात स्टीलचा चमचा असतोच. उकिडवे बसून एकेक टाइल वाजवतात, कान तिरका करतात आणि बाहेर येऊन मयताची बातमी द्यावी तसं सांगतात, "पोकळ आहे."

आमच्याकडे सत्यनारायण होता, तेव्हाही हेच. भटजी कथा सांगत होते आणि आतून टक, टक, टक. माझी नणंद सासरहून आलेली. ती म्हणाली, "आत कोण आहे गं?" मी खाली मान घालून केळी कापत राहिले.

भोपाळच्या आमच्या टाउनशिपमध्ये काकांचं क्वार्टर आमच्या भिंतीला भिंत लावून. कारखान्यात त्यांचं काम एकच, लोखंडाचे ओतीव भाग हातोडीने वाजवायचे आणि कुठे तडा आहे ते आवाजावरून सांगायचं. घरी आल्यावरही हात थांबत नाही. टरबूज वाजवतील, माठ वाजवतील, शेजाऱ्याचा नवा दरवाजा वाजवून "आवाज खोटा आहे" म्हणतील. स्वतःचं डोकं मात्र त्यांनी कधी वाजवून पाहिलं नसावं. हे तोंडावर बोलायची माझी हिंमत नाही, म्हणून वहीत लिहिते.

मागच्या हिवाळ्यात ते आमच्या बाथरूममध्ये शिरले. "वहिनी, तीनच टाइल्स सुटल्यात. दुपारपर्यंत बसवतो."

तीनच्या अकरा झाल्या. ड्यूटीवरून आले की यायचे, एक बसवायची, दोन उकरायच्या. मिस्त्रीने भरलेले सगळे सांधे त्यांनी खिळ्याने खरवडून काढले आणि पांढरं सिमेंट जुन्या टूथब्रशने पुन्हा भरलं. "सांध्यातून पाणी उतरलं की खालचं सगळं गेलं," हे वाक्य मी रोज ऐकलं. आठ दिवस आम्ही मागच्या अंगणात चादर बांधून आंघोळ केली, थंडीत. ह्यांचं आपलं, "फुकट करतायत ना, बोलू नकोस."

बोलले नाही. पण नवव्या दिवशी माझी कणीक मळायची परात दिसेना. काकांनी तिच्यात सिमेंट कालवलं होतं आणि तशीच आपल्या घरी नेली होती.

मी गेले. काका पुढच्या खोलीत पेपर वाचत होते. "परात बाथरूममध्ये आहे, वहिनी. धुतली की झालं." मी आत पाय टाकला आणि दारातलीच टाइल वाजली, खट्.

खोटं कशाला लिहू, मला फार बरं वाटलं. साऱ्या कॉलनीच्या फरश्या उकरणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या घरात, पहिल्याच पावलाला सुटलेली टाइल. संध्याकाळी भाजीवाल्याच्या गाडीपाशी बायकांना कसं सांगायचं, तेही मी तिथेच ठरवलं.

तोवर बाहेरून काकांचा आवाज आला, "अगं, उठलीस का? सावकाश."

"मी आहे, काका."

ते दारात येऊन उभे राहिले. पलीकडच्या खोलीत काकू पडून होत्या. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला तेव्हापासून त्यांची वाचा गेली आहे. काठी धरून त्या चालतात तेवढ्याच.

"दारातली तशीच राहू द्या, वहिनी," काका म्हणाले. "तिला हाक मारता येत नाही. आत गेली की एकदा वाजते, बाहेर आली की पुन्हा. दुसऱ्यांदा वाजायला उशीर झाला की मी उठतो." मग जरा घाईने म्हणाले, "पाय अडखळत नाही हो तिचा. चारदा काढून बसवली. अडखळू नये आणि वाजावी तर खरी, असं करायला वेळ लागला."

भाजीवाल्याच्या गाडीपाशी मी मेथी घेतली आणि परत आले.

पुढच्या महिन्यात कारखान्याच्या सिव्हिल खात्याचे लोक आमच्या लाइनीतल्या सगळ्या बाथरूम पक्क्या करत आले. काका काकूंना दवाखान्यात घेऊन गेले होते. त्यांची किल्ली आमच्याकडे असते. मिस्त्री दारात येऊन म्हणाला, "भाभीजी, बगलवाला खोल दो. देखना है, कोई टाइल हिलती तो नहीं."

परक्या माणसाशी बोलायचं म्हटलं की मी ह्यांना पुढे करते. तरी मी म्हटलं, "उधर सब पक्का है. वो खुद ठोक के देखते हैं."

मिस्त्री हसला. "चम्मचवाले साहब? उनके घर में क्या निकलेगा." त्याने कागदावर काहीतरी खरडलं आणि शेजारी म्हणून माझी सही घेतली. मी सावकाश, पूर्ण नाव लिहिलं.

परातीच्या काठाला सिमेंट अजून तसंच आहे. परवा त्याच परातीत कणीक मळून मी पोळ्या करत होते. भिंतीपलीकडे खट् वाजलं. माझा हात थांबला. बऱ्याच वेळाने पुन्हा वाजलं.

तोवर तव्यावरची पोळी करपली होती.