दासवर्गाचे आभार

सरांनी छापखान्याने तपासायला पाठवलेल्या मुद्रितांचे पहिले पान वाचले आणि त्यांच्या हातातला चहा बशीत सांडला. वीस वर्षे खपून त्यांनी रोमन साम्राज्याच्या उतरत्या काळातला धर्म मार्क्सवादी नजरेने तपासला होता. ग्रंथाचा गाभा एवढाच, की धर्माने दासांची बेडी तोडली नाही. त्यांना 'देवाचे सेवक' म्हटले आणि काम तेच करून घेतले. आणि या मुद्रितांत 'दास' कुठेच नव्हता. जिकडे तिकडे सेवक. वाळवंटातला एक साधू तर 'उसेवक' होऊन बसला होता.

सर तडक छापखान्यात गेले. अक्षरजुळणी करणाऱ्या बाईंनी शांतपणे सांगितले, की मालकांचाच तसा हुकूम होता. दास म्हटले की वाचकांना बोचते, सेवक कसे घरगुती वाटते. एक बटण दाबले, सगळे बदलले. त्यात उदासमधला दासही गेला.

"अहो, हेच तर ते धर्मवाले करत होते," सर ओरडले. "तुम्ही ते माझ्याच पुस्तकात केलंत."

"मग परत दास करू?"

"एकूण एक. आत्ताच्या आत्ता."

बाईंनी त्यांच्यासमोर बटण दाबले. साधू पुन्हा उदास झाला. रागाच्या भरात सरांनी पुढची मुद्रिते मागितलीच नाहीत.

पुस्तक छापून आले. आता त्यात धर्म दासांना 'देवाचे दास' म्हणत होता, म्हणजे वीस वर्षांचा गाभाच पार धुऊन निघाला होता. सर छापखान्याला झणझणीत पत्र लिहायला बसले, तेवढ्यात कॉलेजच्या ग्रंथपालांचा फोन आला. ग्रंथालयातले शिपाई सकाळपासून एकाही पुस्तकाला हात लावत नव्हते.

सर धापा टाकत पोहोचले. देवघेवीच्या टेबलावर पुस्तकांचा ढीग, आणि तिघे शिपाई स्टुलांवर हाताची घडी घालून बसलेले. फलकावर सरांच्या ग्रंथातले आभाराचे पान डकवले होते: 'ग्रंथालयातील दासवर्गाचे मनःपूर्वक आभार.' मूळ शब्द सेवकवर्ग होता. सरांनी हात जोडले. चूक छापखान्याची आहे, आपल्याला सेवकच म्हणायचे होते, असे ते पुन्हा पुन्हा सांगू लागले.

उंच कपाटांवरून सरांसाठी बारा वर्षे ग्रंथ उतरवणारा शिपाई उठला. सरांनी कधी त्याला नाव विचारले नव्हते.

"सेवक म्हणूनच बारा वर्षं हंगामी ठेवलंय, सर. पगारवाढ मागितली की सेवाभाव शिकवतात. तुम्ही एकदा खरं छापलंत, आता फिरवू नका."

राग कुणावर काढावा हे सरांना कळेना. शेवटी त्यांनी घुश्शातच विचारले, "पुस्तक तरी वाचलंत का?"

"आभाराचं पान वाचलं. बाकीचं आम्हाला माहीत आहे."

त्याने नोकरीत कायम करण्याच्या मागणीचा कागद पुढे सरकवला. सरांनी सही केली, इतकी दाबून की पेनाचे टोक कागद फाडून गेले.