चोरून असतं तर हरकत नव्हती

प्रेम ही खासगी भावना असली, तरी तिला ये-जा करायला जिना लागतो, आणि जिना सामाईक असतो. सबब प्रेमावर लक्ष ठेवणे हे इमारत समितीचे काम ठरते. मी त्या समितीचा चिटणीस आहे. (पदाला मान आहे, खोलीला पंखा नाही.)

आमच्या इमारतीत चोवीस बिऱ्हाडे. पैकी तेवीस एकनिष्ठ. हा आकडा घरोघर विचारून काढलेला नाही. विचारले की आकडा बिघडतो. तिसऱ्या मजल्यावरचे विमावाले दर शनिवारी "कामाला" जातात आणि ओल्या केसांनी परत येतात. त्यांच्या पत्नीला हे ठाऊक आहे, तिला ठाऊक असल्याचे त्यांना ठाऊक आहे, आणि आम्हा सर्वांना दोघांचेही ठाऊक आहे. तरी आजवर कोणी चकार शब्द काढलेला नाही. याला शेजारधर्म म्हणतात. विमावाले समितीचे खजिनदार आहेत.

चोविसावे बिऱ्हाड दुसऱ्या मजल्यावरचे. नवरा चष्म्यांचा दुकानदार, बायको दातांची डॉक्टर. दोघेही सज्जन, माझा चष्मा त्याचा, माझी कवळी तिची. एके दिवशी डॉक्टरीणबाईंनी नवऱ्याला सांगितले, की माझे तुझ्यावर प्रेम आहे, तलावावरच्या पोहण्याच्या मास्तरावरही आहे, आणि मला दोन्ही खरी वाटतात. इथवर सगळे नेहमीचेच. पण बाई ज्या थराला गेल्या ते ऐकून समितीच्या अंगावर काटा आला. त्यांनी हे आधी सांगितले. म्हणजे काही घडण्यापूर्वी!

चष्मेवाला मुळात एकाच माणसाचा. एकच दुकान, एकच कोट, केस कापणाराही लहानपणापासून तोच. तो दोन दिवस नीट जेवला नाही. मग म्हणाला, करून बघू. तेव्हापासून मास्तर पुढच्या दाराने, पाय पुसून, घंटा वाजवून येऊ लागला. जिन्यात भेटला की "काय, बरं आहे ना?" असे स्वतःहून विचारायचा. अशा माणसाचे काय करायचे, याची नियमावलीत तरतूद नाही.

समितीने नवरा-बायकोला बोलावले. अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक. ते आणि त्यांच्या पत्नी कित्येक वर्षे एकमेकांशी फक्त मुलीमार्फत बोलतात, आणि मुलगी लग्न होऊन दूर गेली आहे. एकनिष्ठेचा याहून भक्कम नमुना इमारतीत नाही.

"आमची हरकत तिसऱ्या माणसाला नाही," अध्यक्ष म्हणाले. "उघडपणाला आहे. जरा चोरून नाही का करता येणार? लोक करतातच की."

खजिनदारांनी छताकडे पाहिले.

"काका, चोरूनच करायचं असतं, तर ह्याला रडवलं कशाला असतं मी?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"आणि तुम्हाला चालतं हे?" अध्यक्षांनी चष्मेवाल्याला विचारले.

"नाही चालत," तो म्हणाला. "पण मला ही हवी आहे. वाट्याला येईल तेवढ्यात भागतंय का बघतो. पण खोटी नको."

हे उत्तर विषय सोडून असल्याने इतिवृत्तात घेतले नाही.

दर रविवारी सकाळी ते तिघे स्वयंपाकघरात बसून बोलत. त्या खोलीची खिडकी जिन्यात उघडते. समितीने जिन्यावर लक्ष ठेवण्याचे ठरवले, म्हणजे मी पायऱ्या झाडू लागलो. (त्या काळात आमच्याइतका स्वच्छ जिना पंचक्रोशीत नव्हता.) सांगायला खेद वाटतो, की आक्षेपार्ह असे काहीही कानी पडले नाही. एकाहून अधिक माणसांवरचे प्रेम हे नव्वद टक्के वेळापत्रक असते. उरलेले दहा टक्के म्हणजे भांडी कोणी घासायची. मधूनच कोणी विचारायचे, "परवा आम्ही हसत होतो तेव्हा तुला एकटं वाटलं का?" आणि दुसरा चक्क उत्तर द्यायचा.

आम्हाला भीती होती, की साथ पसरेल आणि घरोघरी मास्तर येतील. तसे झाले नाही. पसरले ते भलतेच. पहिल्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंनी नवऱ्याला विचारले, "तुम्हाला काय हवंय हो?" तो दचकून म्हणाला, "का? कोण गेलं?" चौथ्या मजल्यावर एका गृहस्थाने बायकोला, तुला काही बोलायचे आहे का, असे सहज विचारले, ती अजून बोलते आहे. खजिनदारांच्या पत्नीने शनिवारी दारातच टॉवेल पुढे केला आणि म्हणाली, "निदान केस तरी पुसून येत जा." खुद्द माझ्या घरी आमच्या हिने वाढता वाढता विचारले, "अहो, आपण मनातलं शेवटचं कधी बोललो?" मी म्हणालो, "आमटीत मीठ कमी आहे." विषय मिटला. चिटणिसाला प्रसंगावधान लागते.

समितीने तातडीने ठराव केला, की "तुला काय हवंय" हा प्रश्न यापुढे फक्त बाजाराला निघताना विचारावा.

मग एका रविवारी चष्मेवाला बोलला. मी खिडकीखालच्या पायरीवर होतो.

"मला तू पुरतेस. तुला मी पुरत नाही. चूक कोणाचीच नाही. पण मी रोज थोडाथोडा आंबत चाललोय गं. असा माणूस तुझ्या गळ्यात नाही घालायचा मला."

"मी मास्तरला सोडते," ती म्हणाली.

"आज सोडशील. मग रोज माझ्याकडे बघून तुला तेच आठवेल."

मी ती एकच पायरी पुन्हापुन्हा झाडत राहिलो.

चष्मेवाला दुकानावरच्या खोलीत राहायला गेला. बाईंना त्या घरात एकटे राहवेना, त्यांनी दवाखान्याजवळ जागा घेतली. सामान हलवायला मास्तरही आला. समितीला मारामारीची अपेक्षा होती, दोन साक्षीदारही नेमले होते. घडले एवढेच, की जिन्याच्या वळणावर कपाट अडकले, तिघांनी ते खाली टेकवले, आणि तिघेही रडले. मास्तर सर्वांत जास्त. चष्मेवाल्याने त्याला आपला रुमाल दिला आणि म्हणाला, "तू खालून धर, तुझे खांदे दणकट आहेत." तेवीस बिऱ्हाडे दारांच्या फटींतून बघत होती. त्या जिन्यात इतके प्रेम मी कधी पाहिले नव्हते, आणि ते निघून चालले होते.

एकनिष्ठेचा विजय झाला, असे इतिवृत्तात नोंदवले आहे. इमारत पूर्ववत झाली. आमची ही कधीकधी रविवारी त्या बंद खिडकीपाशी थांबते. कशाला थांबतेस, असे मी विचारलेले नाही.

तर दुसऱ्या मजल्यावरची जागा रिकामी आहे. उजेड चांगला, पाणी भरपूर. समितीची अट एकच, जोडपे शांत हवे. तुमची चौकशी मी केली. शेजाऱ्यांनी फार तारीफ केली. म्हणाले, भिंतीला कान लावला तरी काही ऐकू येत नाही. मुलाखतीची गरज नाही. हे वाचत असताना पलीकडच्या खोलीत जे माणूस आहे, त्याला काय हवे आहे ते तुम्हाला सांगता येत नसेल, तर जागा तुमची. फक्त आता उठून विचारायला जाऊ नका. विचारलेत, तर जागा गेली.