नाखवांच्या सोलरमधली हवा

परीक्षेतल्या निबंधाशिवाय मी आजवर काही लिहिलेलं नाही. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच, म्हणून मला सगळं लिहिता येत असणार अशी आईची समजूत आहे. माझी तशी खात्री नाही. त्यातून ज्यांच्यावर लिहितोय ते आमचे घरमालक. भाडेकरूने घरमालकावर लिहावं का, हेही मला नीट ठरवता आलेलं नाही. कुठे चुकलं तर वाचणाऱ्यांनी पोटात घालावं. त्यांच्या हाती हे पडलं तर त्यांनीही.

कल्पना करा, सकाळी तुम्ही चहा पिताय आणि एक माणूस न विचारता तुमच्या बाथरूममध्ये शिरतो. स्टीलचा पेला पाइपला टेकवतो, पेल्याला कान लावतो आणि डोळे मिटून उभा राहतो. अशा वेळी बोलायचं नाही. कपबशीचाही आवाज करायचा नाही. बऱ्याच वेळाने तो डोळे उघडतो आणि हळूच सांगतो, "हाय. आतमदीच बसलीय."

बसलेली ती हवा. आणि तो माणूस म्हणजे आमचे काशिनाथ नाखवा.

नेरूळच्या सारसोळे गावात त्यांची तीन मजली इमारत आहे. पूर्वी खाडीत स्वतःची होडी होती, म्हणून नाखवा. होडी विकली, नाव राहिलं. बायको वारली, एकुलती एक मुलगी हर्षदा पुण्याला दिली, आणि तळमजल्यावर ते एकटेच उरले. गच्चीवर मात्र त्यांनी सोलर बसवला आहे, त्याचं गरम पाणी सगळ्या मजल्यांना येतं. नारळी पौर्णिमेला गाव खाडीला नारळ देतं. नाखवाही देतात, आणि परत येऊन दुसरा नारळ सोलरच्या टाकीपुढे फोडतात. मी एकदा भीतभीत कारण विचारलं. म्हणाले, "पानी ते पानी. तुज्या कॉलेजात येगलं असतं का?"

मला ते नावाने हाक मारत नाहीत. "ए कॉलेज, पाना घेऊन वर ये!" अशी आरोळी आली की कॉलेजने पाना घेऊन वर जायचं.

या थंडीत सोलरचं पाणी अचानक बारीक झालं. टाकीला हात लावला तर गरम, पण नळाला दोऱ्याएवढी धार. मध्येच नळ खोकल्यासारखा करायचा, दोन थुंक्या टाकायचा आणि गप्प. तेव्हापासून नाखवांना स्वस्थता नाही. जेवताना उठून जिना चढायचे. बोलता बोलता भिंतीवर टकटक करून बघायचे. खाडीकडे बसायला जायचे ते बंदच झालं.

"आवं नाखवा, मानसानं अंगुळ कवा करायची?" आई विचारायची. आम्ही मूळचे माणदेशातले, आई अजून तिकडचंच बोलते.

"दोन मिन्टं, ताई. ती गपचूप बसलीय, जरा कान देतो."

"मग तिला बी च्या टाकू का?"

नाखवा हसायचे नाहीत. हवेच्या बाबतीत त्यांना थट्टा चालत नसे.

त्यांचा एक मोठा उपाय म्हणजे सगळ्या मजल्यांचे गरम पाण्याचे नळ एकदम सोडायचे, म्हणजे हवा पळेल. जिन्यात मधोमध उभं राहून ते जाळं ओढायच्या थाटात ओरडत, "सोडाऽऽ! ... बंद कराऽऽ! ... सोडाऽऽ!" एकदा दुसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरू मुकादमचाचांचा आवाज आला, "नाखवा, डोळ्यात साबण गेलाय! सोडू का बंद करू?"

"साबनाला विचारू नका चाचा, मला विचारा! सोडा!"

चाचांनी सोडला. नळाने एक थुंकी टाकली. चाचा त्या दिवशी आपल्या दुकानात लाल डोळ्यांनी बसले होते.

प्लंबरही आला. त्याने गच्चीवर फेरी मारली आणि नवे नळ बसवायला सांगितलं. "सर्दी जाली तर नाक बदलतोस का?" असं म्हणून नाखवांनी त्याला वाटेला लावलं. मग गार पाण्याची टाकी विटांवर चढवली, जुने वाकडे पाइप काढून सरळ टाकले, सांधे उकलून पुन्हा बसवले. हवा तिथेच.

एवढं का, हे मला आईकडून कळलं. हर्षदाताईला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. ठरवाठरवी करायला पुण्याहून विहीणबाई एक दिवस राहून गेल्या. नेमकी त्याच सकाळी त्यांना आंघोळीला धार मिळाली नाही. जाताना त्या गोड बोलून गेल्या, "बाळंतिणीला दोन वेळा कढत पाणी लागतं हो. आमच्याकडे गीझर आहे. बघू."

"पान्याचं निमित्त आसतंय रं," आई म्हणाली. "घरात बाईमानूस न्हाई, ह्ये तोंडावर कसं बोलायचं?"

"मग नाखवांना सांगूया का तसं?"

"सांगून काय हुईल? बाई आनतील व्हय कुठनं?"

आईने नाखवांना सांगितलं ते वेगळंच. हर्षदा आली तर तिला न्हाऊ मी घालीन, बाळालाही मीच. नाखवांचा चेहरा उजळला. म्हणाले, "म्हंजी आता हवाच राह्यली!"

त्यानंतर त्यांनी पुण्याच्या प्रत्येक फोनवर एकच सांगितलं, "हर्षू, थोडं थांब. हवा काडतोय." पलीकडून "बघू" यायचं. दिवस भरत आले तरी हवा निघेना, आणि हर्षदाताईला बोलावणंही पुढे ढकललं जात होतं. मला अभ्यासात लक्ष लागेना. वर पावलं वाजली की वाटायचं, आज तरी निघू दे.

त्या रविवारी सकाळी पुन्हा आरोळी आली. मी सोलरच्या स्टँडवर चढलो. तोल गेला म्हणून टाकीतून सरळ वर गेलेला एक बारीक पाइप धरला, तर त्याचं टोकच माझ्या हातात आलं. फुस्स असा लांब आवाज झाला आणि टाकीने मोठा ढेकर दिला. मला वाटलं, मी सोलर मोडला.

हातात पाइपचं टोक नव्हतंच. ते बूच होतं. जाळं तरंगतं ठेवायला पांढरे बोये लावतात, त्यातला एक तासून घट्ट ठोकलेला, आणि वरून पाइपसारखाच चंदेरी रंग मारलेला. म्हणून तर तो प्लंबरला दिसला नव्हता.

"नाखवा, हे काय?"

"मी लावला तो," नाखवा म्हणाले. "विहीनबाय येनार, त्याचे आदले दिवशी गच्ची साफ केली. बगतो तं पाइपाचं तोंड उगडं! हवा शिरंल म्हून बुजवलं. रंग पन मारला, बरा दिसावा." ते माझ्याकडे वळले. "होडीत भोक दिसलं तं मानूस काय करतो, कॉलेज?"

"बुजवतो."

"मंग?"

हवा आत येण्याची नाही, बाहेर जायची ती वाट होती, हे आता आम्हा दोघांनाही दिसत होतं. मी बूच पुढे केलं. नाखवांनी ते हातात घेऊन फिरवून बघितलं आणि निकाल दिला, "ही उलटी होडी हाय."

तेवढ्यात खालून मुकादमचाचा ओरडले, "नाखवा! बादली भरली! हात भाजला माझा!"

नाखवा जिना उतरले ते धावतच. प्रत्येक घरात शिरून नळ सोडला, धारेखाली हात धरला. आमच्या बाथरूममध्ये वाफेने आरसा दिसेना. ओल्या हातानेच त्यांनी फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि नळासमोर धरला.

"हर्षू, आयकतेस? हवा गेली! आता ये तू. गाडी घेऊन मीच येतो न्यायला."

"बाबा, ऐक ना," ताईचा आवाज थकलेला होता. "मुलगी झाली. शुक्रवारी."

"कवा?"

"शुक्रवारी. दोघी बऱ्या आहोत. इकडच्या आई म्हणाल्या, घरी गेलो की निवांत कळवू. गडबडीत राहूनच गेलं बाबा."

पाणी वाहत होतं. आईने पुढे होऊन नळ बंद केला. फोनमधून बारीक रडणं ऐकू आलं. नाखवा मान खाली घालून ते ऐकत राहिले.

"कडत पानी देतात ना तुला?"

"देतात, बाबा."

"धार हाय ना?"

"आहे."

"बरं जालं मंग."

फोन ठेवून त्यांनी हात लुंगीला पुसले. आईला म्हणाले, "पोरगी जाली, ताई." आणि दारापर्यंत जाऊन पुन्हा वळले. "त्यांनी फोन केला असंल सुक्रवारी. मी दिवसभर गच्चीवर व्हतो ना. वरती रेंज येत नाय."

आमच्या इमारतीत फोन लागत नसला की सगळे गच्चीवरच जातात.

"व्हय नाखवा," आई म्हणाली. "वर रेंज नसतीच."