बाकाखालचा इलियास

इलियासमिस्त्री कुणाच्याही घरी गेला की आधी बाजेखाली शिरायचा. लग्नघर असो नाहीतर बारसं. मग खालून आवाज यायचा, "हिथं रंधाच मारला न्हाय की! कुणी केली रे ही बाज?"

बहुतेक वेळा ती मीच केलेली असायची.

लोहाऱ्याजवळच्या आमच्या गावात ख्रिस्ती घरं मोजकी आणि त्यात सुतार दोन, तो आणि मी. लहानपणापासूनचे दोस्त. संध्याकाळी त्याच्या ओट्यावर माझा चहा ठरलेला. बायको वारल्यापासून तो स्वतःच चहा करायचा. कपाचीसुद्धा बुडं आधी घासायचा, वरचं नंतर. तोवर माझा जीव निम्मा व्हायचा.

दुष्काळात चर्चच्या आवारातला जुना लिंब वठला. पाळकसाहेब म्हणाले, "याची सहा बाकं करा. तीन इलियासनं, तीन याकोबनं. ज्याचं काम चांगलं, त्यानं पुढं प्रवचनाचं व्यासपीठ करायचं."

व्यासपीठ! माझ्या बापाची ती जन्माची हौस होती, पण लाकूड मिळालं नाही आणि तसाच गेला. मला ते हवंच होतं.

माझी तीन बाकं आठ दिवसांत उभी राहिली. इलियासचं पहिलंच बाक महिनाभर उताणं पडलेलं, आणि हा गडी त्याच्या पोटाला पॉलिशपेपर घासतोय.

"अरे लेका, खालनं कोण बघतंय?"

"देव खालनं बी बघतो," तो म्हणाला. हे त्याचं कायमचं पालुपद.

बाकं मांडल्यावर पहिल्याच रविवारी माझी शोभा झाली. आठवडाभर दुष्काळी कामावर खडी फोडून आलेली माणसं त्याच्या बाकांवर दाटीवाटीनं बसली. माझी बाकं डुगडुगत होती. त्यातल्या एकाच्या कुसळात पाळकबाईंचं लुगडं अडकून टर्रकन फाटलं, तेही प्रार्थना चालू असताना. पाळकसाहेबांनी 'आमेन'नंतर इलियासची तारीफ केली; व्यासपीठाचं तेवढं बाकं वापरून बघून ठरवू म्हणाले. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड! शेजाऱ्याच्या बैलाचा, गाढवाचा लोभ धरू नये अशी बायबलात आज्ञा आहे. रंध्याचं नाव तिच्यात नाही, हे मी घरी जाऊन बघून घेतलं.

त्या दिवसापासून त्याचा ओटा सोडला. त्यानं हाक मारली की मी बहिरा. तो समोरून आला की मी गल्ली बदलायचो.

पण हळूहळू नवल घडलं. माझी बाकं डुगडुगायची थांबली. कुसळं गेली. माणसं आपणहून त्यांवर बसायला लागली. मी म्हणालो, लाकूड मुरलं! दोन महिन्यांनी पाळकसाहेबांनी सहाही बाकांवरून हात फिरवला आणि म्हणाले, "आता मला तर फरक कळेना. इलियासच म्हणतोय, व्यासपीठ याकोबला द्या."

हरला लेकाचा! शनिवारी दुपारी मी मापं घ्यायला ऐटीत चर्चमध्ये गेलो. आत कुणी दिसेना. नुसती खर्रखर्र ऐकू येत होती. बघतो तर माझ्या तिसऱ्या बाकाखालून दोन पाय बाहेर आलेले.

"इलियास?"

खर्रखर्र थांबली. मी वाकून बघितलं. करवतीचे ओरखडे मी तसेच ठेवले होते, ते सगळे गेले होते. पायांच्या सांध्यांत नव्या पाचरी बसवलेल्या होत्या. पहिली दोन बाकंही बघितली. तीच गत.

"माझ्या कामाला हात लावायला तुला कुणी सांगितलं?" मी ओरडलो.

तो उठला नाही. तोंडावर भुसा, डोळे मिचकावत पडूनच म्हणाला, "पाळकानं माझी तारीफ केली अन् तू चहाला यायचा बंद झाला. म्हटलं, दोघांची बाकं सारखी झाली तर येशील. रोज दोन कपाचं आधण ठेवतो, याकोब्या. सवयच हाय. एकट्याला संपत न्हाय."

मी व्यासपीठाच्या मापाची दोरी खिशात घातली.

"सरक तिकडं," म्हणालो आणि त्याच्याशेजारी फरशीवर आडवा झालो. त्यानं पॉलिशपेपर मधोमध फाडून अर्धा मला दिला.

बराच वेळ आम्ही घासत होतो. अधूनमधून मी त्याच्या बाजूच्या लाकडावर हात फिरवून बघायचो. त्याची बाजू अजूनही माझ्या बाजूपेक्षा गुळगुळीत होती, मेली.

"चहाला येणार न्हवं?" त्यानं विचारलं.

"येतो. पण कप मी घासणार," मी म्हणालो. "दोन्ही बाजूंनी."