आजारी शिंपल्यांचा हवापालट

दोन नंबरच्या टाकीतले शिंपले आजही टुणटुणीत होते, आणि सरांना नेमकी त्याचीच काळजी होती.

शास्त्राप्रमाणे ते आजारी असायला हवे होते. शहराचं सांडपाणी समुद्रात सोडण्याआधी त्यात क्लोरीन घालतात. जंतू मरतात, पण क्लोरीन त्या पाण्यातल्या घाणीशी संगनमत करून नवीच द्रव्यं तयार करतं आणि ती समुद्रातल्या जिवांना बाधतात, असं सरांचं म्हणणं होतं. म्हणून एक नंबरच्या टाकीत समुद्राचं स्वच्छ पाणी होतं आणि दोन नंबरात क्लोरीन घातलेलं सांडपाणी मिसळलेलं. महिन्याभरात दोन नंबरच्यांनी मलूल व्हावं, इतकीच सरांची अपेक्षा होती. पण दोन नंबरवाले तोंड उघडून मजेत होते आणि स्वच्छ पाण्यातलेच फुगून, मिटून बसले होते.

गुरुवारी प्रयोगाची पाहणी करायला समिती येणार होती. निष्कर्ष निघाला नाही तर प्रयोगशाळा बंद होऊन तिथे जुनी कपाटं ठेवली जाणार होती.

"मावशी, माझंच काहीतरी चुकतंय," सर म्हणाले.

फरशी पुसणाऱ्या मावशींनी मान वर केली नाही. "असेल," त्या म्हणाल्या.

चूक आपलीच, याबद्दल सरांना आयुष्यात कधी शंका आली नव्हती. त्यांनी तीन जाडजूड पुस्तकं उघडली, चष्मा पुसला, मोजमापाचं यंत्र बदललं. शेवटी क्लोरीनची मात्रा वाढवली. दुसऱ्या दिवशी शिंपले आणखी खुशीत. सरांनी मात्रा दुप्पट केली. शेजारच्या खोलीतला कारकून शिंकून शिंकून रजेवर गेला, पण शिंपल्यांवर ढिम्म परिणाम नाही.

सरांचा दिवस घड्याळाला बांधलेला होता. नऊला यायचं, तासभर वाचायचं, दहाच्या ठोक्याला टाक्या बघायच्या, दुपारी तासभर जेवायला बाहेर, पाचला घरी. समितीलाही त्यांनी दहाचीच वेळ दिली होती. समिती आली नऊला.

अध्यक्षबाईंनी दोन नंबरच्या टाकीवरचं झाकण उचललं. आत नुसतं पाणी होतं.

"यातले शिंपले कुठं आहेत?"

सर पुढे धावले. त्यांनी टाकीच्या मागेही डोकावून पाहिलं.

"ते दहाला येतात ड्यूटीवर," दारातून मावशी म्हणाल्या. "अजून वेळ आहे त्यांना."

"कोण येतं?"

"शिंपले. सर दहाला बघतात ना." मावशींनी एक नंबरच्या टाकीकडे बोट दाखवलं. तिथे दाटीवाटीने दुप्पट शिंपले बसले होते. "त्या घाणेरड्या पाण्यात पार कोमेजले होते हो. मला बघवेना. सर गेले की मी इकडे आणते आणि दहाच्या आत पोचवते. सरांनी औषध वाढवलं, तेव्हापासून दुपारीही तासभर आणते. हवापालट लागतोच ना आजारी माणसाला."

"मग हे स्वच्छ पाण्यातले असे का?" समितीतल्या इंजिनिअरने विचारलं. शहराचं सांडपाणी त्याच्याच केंद्रातून समुद्रात जायचं.

"पाहुणे रोज मुक्कामाला आले तर घरचे फुगतातच."

"पण कुठले कुठले, हे कळतं कसं तुम्हाला?"

मावशींनी एक शिंपला पालथा केला. खाली नेलपॉलिशचा लाल ठिपका होता. "लेकीची बाटली संपली. एक आणून द्या म्हणावं सरांना."

सरांनी डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांपुढे कपाटांची रांग उभी राहिली.

"म्हणजे रोज काही तास स्वच्छ पाणी मिळालं, तर ते सावरतात," इंजिनिअर सावकाश म्हणाला. "वर्षभर हेच विचारतोय मी. क्लोरीन रोज थोडा वेळ बंद ठेवलं तर उपयोग होईल का? कुणी धड उत्तरच देत नव्हतं."

"हे काही सिद्ध झालं नाही," सर प्रामाणिकपणे पुटपुटले. "गर्दी झाली, मात्रा बदलली, सगळाच घोळ..."

"मग नीट सिद्ध करा," अध्यक्षबाई म्हणाल्या. "एक वर्ष देते, आणि तिसरी टाकीही. फक्त पद्धत आजच्या आज लिहून द्या."

समिती गेली. सरांनी कोरा कागद काढला.

"मला सांगितलं का नाहीत, मावशी?"

"तुम्ही पुस्तकांना विचारत होतात. मी कशाला मध्ये बोलू?"

सरांनी दुसरी खुर्ची ओढून पुढे ठेवली. मावशींनी पदराला हात पुसले, ऐसपैस बसल्या आणि घसा खाकरला.

"लिहा," त्या म्हणाल्या. "सावकाश सांगते. कळलं नाही तर हात वर करा."