उपराष्ट्राध्यक्षाच्या मापाचा शर्ट

"कोणाचं नशीब उघडणार, हे मला चहाच्या कपावरून कळतं," असं रुस्ताम लामुसू नेहमी सांगत. "कपाखाली बशी नसली तर समजायचं, आपल्याला नुसतं बसवून ठेवलंय. बशी असली तर आशा आहे. आणि बशीत बिस्किट असलं, तर काम झालंच!"

जाकार्तातल्या त्या हॉटेलच्या खोलीत बशी होती, बिस्किटं होती आणि वर एक शिंपीही होता!

लामुसू सुलावेसीवरच्या गोरोंतालोचे. तिथल्या एका जिल्ह्याचे बुपाती, म्हणजे जिल्हाप्रमुख, म्हणून लोकांनी त्यांना दोनदा निवडून दिलं होतं. तिसऱ्यांदा उभं राहायला कायद्याची बंदी. म्हणजे लवकरच खुर्ची जाणार, सरकारी बंगला जाणार आणि दारातला शिपाई दुसऱ्यालाच सलाम ठोकणार. या विचाराने त्यांना रात्री झोप लागत नव्हती. अशातच बापाक सुगोंदोंच्या माणसाचा, गुनादीचा, फोन आला. सुगोंदो राष्ट्राध्यक्षपदाला उभे होते आणि ते पडले जावाचे. जावाच्या माणसाने एकट्याने मतं मागितली तर बाकीची बेटं रुसतात, म्हणून जोडीला जावाबाहेरचा उपराष्ट्राध्यक्ष हवा. गोरोंतालोपेक्षा आणखी बाहेरचं काय असणार!

"बापाक, हात वर करा," शिंपी 'साहेब' म्हणावं तशा अदबीने म्हणाला.

लामुसूंनी हात वर केले. देशभर टीव्हीवर दिसायचं म्हणून पोटही आत घेतलं. इतकं आत घेतलं की शिंप्याने टेप पुन्हा लावून पाहिली.

"श्वास घ्या, बापाक."

"घेतोय की!" लामुसू ओठ न हलवता म्हणाले.

गुनादी दाराला कडी लावून हळू आवाजात बोलायला लागला. "दोघांचे शर्ट एकसारखे असणार. तुमचा घरी पोचेल. गुरुवारी संध्याकाळी घोषणा. सभागृहाला लागून बैलाच्या शेपटीच्या सुपाचं हॉटेल आहे, तिथे शर्ट घालून बसा. वरून जाकीट, चेन गळ्यापर्यंत! मी न्यायला येतो. आणि कोणाजवळ बोलायचं नाही."

"बायकोजवळ?"

"तिच्याजवळ तर मुळीच नाही!"

लामुसू शब्दाचे पक्के. घरी जाऊन त्यांनी फक्त बायकोला सांगितलं. हस्नाने फक्त आपल्या भावाला सांगितलं. भाऊ म्हणजे युनुस. त्याच्या कानात गोष्ट सांगणं आणि मशिदीच्या भोंग्यावरून सांगणं यात फरक एवढाच, की भोंग्याला वीज लागते.

"दाजी, तुम्ही काळजीच करू नका!" युनुस दुसऱ्या दिवशी सकाळीच हजर झाला. "मैदानात मोठा पडदा लावतो. शाळेचा बँड सांगितलाय. बोकडही ठरलेत!"

"अरे, गुपित आहे ते!"

"म्हणूनच तर कोणाला कारण सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, आमचे दाजी उपराष्ट्राध्यक्ष होतायत, पण बोलू नका."

शर्ट आला. पांढराशुभ्र, खिशावर लाल माडाचं भरतकाम. लामुसूंनी घातला, पण मधलं बटण काजापर्यंत पोचेना. त्यांनी पोट आत घेतलं तेव्हा लागलं. सोडलं तेव्हा बटण असं ताणलं गेलं की समोर उभी असलेली हस्ना बाजूला सरकली.

"शर्ट आटलाय," लामुसू म्हणाले.

"शर्टाला काही झालेलं नाही. भात बंद करा."

भात बंद झाला. नवरा उकडलेल्या पालेभाजीकडे बघत बसला आणि हस्ना शर्ट घेऊन बसली. कॉलरचे धागे काढून तिने त्यावर कारावोचं नाजूक काम सुरू केलं. हिरव्या-पिवळ्या धाग्यांचं ते भरतकाम गोरोंतालोच्या बायकांच्या बोटांतच असतं.

"अगं, दोघांचे शर्ट सारखे हवेत! गुनादी काय म्हणेल?"

"आणि तुम्ही कुठले, हे लोकांना कळायचं कसं? तोंडावर लिहिलंय का?"

लामुसूंनी गुमान तिच्या सुईत पिवळा धागा ओवून दिला. शिवाय कॉलर खरोखरच सुंदर दिसत होती.

गुरुवारी संध्याकाळी ते पुन्हा जाकार्तात, सुपाच्या हॉटेलात जाऊन बसले. जाकिटाची चेन गळ्यापर्यंत. पंखा दूर, समोर वाफाळतं सूप, त्यात मिरचीचं जहाल सांबाल. घाम पाठीवरून ओघळत होता. पण मन कसं गार होतं! मनातल्या मनात त्यांनी शपथविधीही उरकून घेतला होता.

तेवढ्यात त्यांचं लक्ष शेजारच्या टेबलाकडे गेलं. तिथे आंबोनचे एक निवृत्त ॲडमिरल बसले होते. पेपरात फोटो यायचा, म्हणून ओळखीचे. त्यांनीही जाकीट घातलं होतं, चेन गळ्यापर्यंत.

"थंडी आहे नाही?" ॲडमिरल कपाळ पुसत म्हणाले.

"फारच," लामुसू म्हणाले आणि त्यांच्या नाकावरून एक थेंब सुपात पडला.

पलीकडे पादांगचे एक प्राध्यापक रेनकोट घालून बसले होते. बाहेर ढग नावाला नव्हता! कोपऱ्यात मकासारचे एक धर्मगुरू शाल गुंडाळून सूप फुंकत होते. चौघेही जावाबाहेरचे. एकमेकांकडे बघून हसले आणि पुन्हा वाटीत डोकं घालून बसले. कोणी कोणाला विचारलं नाही. विचारलं तर सांगावं लागलं असतं ना!

शेवटी घात केला सांबालने. धर्मगुरूंना असा ठसका लागला की वेटरने धावत येऊन त्यांची शाल ओढून काढली. आत पांढरा शर्ट, खिशावर लाल माड!

 ॲडमिरलनी आपली चेन सावकाश खाली ओढली. लाल माड. प्राध्यापकांनी रेनकोटाची बटणं काढली. लाल माड! लामुसूंनीही चेन ओढली. आता लपवायचं काय राहिलं होतं?

"तुमचं माप कधी घेतलं?" प्राध्यापकांनी विचारलं.

"सोमवारी. चहाबरोबर बिस्किटं होती," लामुसू म्हणाले.

"मला केक होता," ॲडमिरल म्हणाले.

केक म्हणजे बिस्किटाच्याही वर, हे लामुसूंनी लगेच ताडलं. तरी आशा सुटेना. चार शर्ट शिवले असले, तरी उठवणार एकालाच! तिकडे मैदानात सगळं गाव पडद्यासमोर बसलंय, बँडवाले ओठांना पिपाण्या लावून तयार आहेत, हस्ना पहिल्या रांगेत आहे. देवा, आज एवढी लाज राख, बाकी काही मागत नाही!

दार धाडकन उघडलं. गुनादी धापा टाकत आत आला. चौघेही उभे राहिले. गुनादीने एकेकाच्या पोटाकडे नीट पाहिलं आणि लामुसूंकडे बोट केलं.

"बापाक लामुसू! चला, लवकर!"

ॲडमिरल मोठ्या मनाचे. त्यांनी कडक सलाम ठोकला. धर्मगुरूंनी खोकत खोकत दुवा दिली. लामुसूंचे डोळे भरून आले. सभागृहाच्या मागच्या दाराने ते जवळजवळ पळतच आत गेले. गुनादीने त्यांना एका छोट्या खोलीत ढकललं. तिथे एक सडपातळ तरुण उभा होता. अंगात घामेजलेला टी-शर्ट, काखेत बॅडमिंटनची रॅकेट.

"काढा, बापाक," गुनादी म्हणाला.

"जाकीट ना?"

"जाकीट तर काढाच. शर्टही काढा."

लामुसूंनी जाकिटाची चेन पुन्हा गळ्यापर्यंत ओढली.

"काय सांगू, बापाक! आघाडीत चार पक्ष, चौघांची चार माणसं. प्रत्येकाला बाकी तिघांचा माणूस नको. सकाळपासून भांडणं! शेवटी याचं नाव निघालं आणि कोणीच हरकत घेतली नाही."

"का?"

"हा कोण आहे, हेच कोणाला माहीत नाही! खेळत होता, तसाच उचलून आणला. आता दुसरा शर्ट शिवायला वेळ कुठाय? चौघांत तुमचंच माप सगळ्यांत बारीक. शिंपी म्हणाला, अशी कंबर या वयात बघायला मिळत नाही."

खरं सांगायचं तर, तेवढ्यातही लामुसूंना जरा बरं वाटलं.

हॉटेलात ते परतले तेव्हा आत नुसता बनियन आणि वर जाकीट होतं. तिघांनी प्रश्नार्थक पाहिलं.

"माझी निवड झाली," लामुसू खुर्चीत बसत म्हणाले, "कमरेपासून गळ्यापर्यंत."

भिंतीवरच्या टीव्हीवर सुगोंदोंनी तरुणाचा हात धरून उंच केला. हिरवी-पिवळी कॉलर दिव्यांत झळकत होती. लामुसूंना रडू येईल असं वाटलं. एवढ्यात फोन वाजला. हस्ना!

"अहो," ती म्हणाली. मागे सगळं गाव असून आवाज म्हणून नव्हता. "आधी कॉलर दिसली. युनुसने बँड सुरू केला. मग वर तोंड दिसलं."

"हं."

"शर्ट तुमचाच ना?"

"माझाच."

"त्याला बरोबर बसलाय."

लामुसूंनी टीव्हीकडे पाठ केली. त्यांनी नाक ओढलं.

"रडताय?"

"नाही गं. सांबाल तिखट आहे. गावाला काय सांगशील आता?"

तिच्या हातून कोणीतरी फोन ओढून घेतला. "दाजी! चिंता नको!" युनुस ओरडत होता. "मी माइकवरून सांगून टाकलं! म्हटलं, आमच्या दाजींनी देशासाठी अंगातला शर्ट काढून दिला!"

पहिल्यांदाच युनुसच्या तोंडून शंभर टक्के खरी बातमी बाहेर पडली होती. मागे टाळ्यांचा कडकडाट झाला आणि थांबलेला बँड पुन्हा सुरू झाला. लामुसूंनी कपाळाला हात लावला.

फोन पुन्हा हस्नाकडे आला. "ऐकताय ना? उद्याच या घरी. भात लावून ठेवते."

"येतो."

"आणि अहो, आता तरी पोट सोडा."

तेव्हा कुठे लामुसूंच्या लक्षात आलं, की शर्टासाठी आत घेतलेलं पोट त्यांनी अजून सोडलेलंच नव्हतं. त्यांनी जाकिटाची चेन उघडली, मोठा श्वास सोडला आणि वेटरला हाक मारून चौघांसाठी भात मागवला.